आठ दिवसांच्या बोलीवर आणलेला कॅमेरा

कसब्या बावड्यात लग्न ठरलं की हॉल, आचारी आणि आकाराम चौगले ही तीन बुकिंगं एका दमात व्हायची. आकाराम म्हणजे शूटिंगवाला. चोवीस वर्षांत निम्म्या बावड्याच्या गळ्यात हार पडताना त्यानं बघितले, आणि तेही एकाच डोळ्यानं, कारण दुसरा कायम बारीक केलेला. ही सवय इतकी मुरली होती की दुकानात साखर घेतानाही तो डावा डोळा मिटून काट्याकडं बघायचा. दुकानदार आपोआप बिचकायचा आणि चिमूटभर जास्त टाकायचा.

माणूस स्वभावानं गरीब, पण चौकस. किती चौकस? शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर ती कितवी, हे त्या घरातल्या बाईआधी याला ठाऊक. एसटीत पुढच्या सीटवरचा माणूस लग्नपत्रिका वाचत असला तर मानेला रग लागेपर्यंत हा ती मागनं वाचणार, आणि 'आपले नम्र' पर्यंत पोचायच्या नादात याचा स्टॉप मागं राहणार. अशा माणसाच्या हाती कॅमेरा पडला म्हणजे परक्याच्या घरात डोकवायचा परवानाच मिळाला.

परवाना होता, पण दिसायचं काय हा प्रश्नच होता. खांद्यावर घ्यायचा तो जुना टेपचा कॅमेरा, वर हॅलोजनचा दिवा. दिवा लागला की नवरानवरी घामाघूम आणि चित्रात सगळे सारखेच गोरे. सावळी नवरी उजळ, सासूच्या कपाळावरच्या आठ्या गुळगुळीत, मामाच्या शर्टावरचा रश्श्याचा डाग गायब. बायका म्हणायच्या, "शूटिंग करावं तर आकारामनंच. माणूस कसं लोण्यात घोळून काढल्यागत दिसतंय." त्यावर शहरातला मिक्सिंगवाला चारी बाजूंनी गुलाब आणि बदाम सोडायचा. लोण्यातनं जे काय थोडंफार दिसायचं ते बदामाआड जायचं. कुणाची तक्रार नव्हती.

मग भिंतीवरचे पातळ टीव्ही आले. पेटीएवढ्या टीव्हीवर जे लोणी वाटायचं ते बेचाळीस इंचांवर पसरून पाणचट ताक झालं. नवरा कुठला आणि करवला कुठला, हे फेट्याच्या रंगावरनं ओळखायची पाळी आली. मागच्या लग्नसराईत हातातली तीन लग्नं शहरातल्या शूटिंगवाल्यांकडं गेली. आणि यंदा हंबीररावांनी बोलावून घेतलं.

हंबीरराव म्हणजे कारखान्याला ऊस घालणारे बडे बागायतदार. मिशी आणि मत, दोन्ही टोकदार. त्यांच्या अनुजाला मुरगूडचं स्थळ ठरलेलं.

"आकाराम, लगीन तुझ्याकडंच," हंबीरराव झोपाळ्यावरनं म्हणाले. "पण चित्र कसं पायजे? नवऱ्या मुलाच्या मिशीतला केस न् केस मोजता आला पायजे. एचडी! एवढा टीव्ही काय ताक बघायला घेतलाय व्हय? जमत नसंल तर आत्ताच सांग, मी कोल्हापुरातनं माणूस आणतो. मग रुसून बसायचं न्हाय."

"जमतंय की आबा. न जमायला काय झालं?" आकाराम बोलून गेला, आणि घरी येईपर्यंत हिशेब करत राहिला. हे लग्न गेलं म्हणजे बावडा गेला. हंबीररावांनी ज्याला नाकारलं त्याला दुसरं कोण बोलावणार?

त्यात घरात अडचण वेगळीच होती. बरा एचडी कॅमेरा, तोही वापरलेला, चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीला पडत होता. आणि नेमकी म्हशीच्याच किमतीची पुंजी त्याची बायको संयोगिता हिनं एका म्हशीच्या दुधावर तीन वर्षं जमवली होती. दुसऱ्या म्हशीसाठी. गोठ्यात खुंटा ठोकून झाला होता, दावं आणून झालं होतं, नावसुद्धा ठरलं होतं. म्हैस तेवढी यायची राहिली होती.

"म्हैस दोन टाइम दूध देतीया," संयोगिता भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमचा कॅमेरा काय देतोय? त्योबी सराईपुरता. बाकीचं आठ म्हयनं मी काय त्याचं शेण थापू?"

"अगं, म्हैस काय व्हिडिओ काढतीया का?"

"आन कॅमेऱ्याची धार कोण काढतंय?"

आकारामनं भाकरी मोडली आणि कालवणात बुडवली.

वाट काढली ती कागलच्या विजयसिंहानं. हा गडी पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यात कामाला आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांची शूटिंगं मारायचा. त्याला आता शिफ्टचा प्रमुख केलं होतं, सुट्ट्या संपल्या होत्या आणि कॅमेरा कपाटात पडून होता. तो म्हणाला, "आकारामदा, आठ दिवस वापर. पटला तर सांगितल्या किमतीला ठेव, न्हाय पटला तर आणून दे. मी काय तुला पावणं समजत न्हाय. फक्त भिंगावर हळद लावून आणू नगोस."

पहिल्या दोन दिवसांत आकारामनं गल्लीत काय काय बघितलं ते सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही. म्हशीच्या पापणीवर बसलेली माशी पुढचे पाय चोळताना दिसली, अगदी सकाळी दुकान उघडून बसलेल्या शेटजीसारखी. चौथ्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडातलं जिरं वेगळं दिसलं. समोरच्या निवृत्त गुरुजींचे केस साठीतही इतके काळे कसे, हा गल्लीचा जुना प्रश्न एका झूममध्ये सुटला, कानामागं ब्रश लागायचा राहून गेला होता. आकाराम नुसता येडा झाला. चोवीस वर्षं आपण डोळे मिटून हिंडत होतो की काय, असं त्याला वाटायला लागलं.

मग मोठ्या हौसेनं त्यानं चुलीपुढं बसलेल्या संयोगिताला टिपलं आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिच्यापुढं धरला.

ती बघत राहिली. "ही कोण बाई?"

"तूच की!"

"मी न्हवं. ही माझी आई हाय." तिनं पडदा जवळ ओढला, गालावरनं हात फिरवला, पुन्हा बघितलं. "अहो, एवढ्या रेघा? कधी आल्या ह्या? …ह्यो कॅमेरा आजच्या आज परत देऊन या. ह्यो बायकांच्या वाईटावर हाय."

"लगीन हुंदे, मग देतो."

"देताय म्हंजे देताय," संयोगितानं बजावलं. "मी म्हशीचा सौदा करून आलो."

म्हणजे आता आकारामच्या हातात उरलं ते अनुजाचं लग्न. तिथं कॅमेऱ्यानं काय करून दाखवलं तर राहिला, नाही तर गेला.

लग्न झालं झोकात. हंबीररावांची मिशी केसागणिक आली, जावयाची आली, मुरगूडच्या मंडळींच्या फेट्यांचा पीळ न् पीळ आला. आणि मग आहेराची वेळ झाली.

आहेराचा एक कायदा आहे, तो कुठं छापलेला नाही पण सगळ्यांना पाठ आहे. लग्न उरकलं की घरची एखादी शिकलेली सून बॉलपेन घेऊन साड्यांच्या ढिगाऱ्याशी बसते आणि ज्याची साडी त्याचं नाव घडीतल्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावर लिहून टाकते. परत कुणाला काय द्यायचं हे लक्षात राहावं म्हणून. मग त्यातली नावडती साडी कपाटातनं निघून पुढच्या कार्याला रवाना होते. सगळेच करतात, सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. साडी पुढं धाडताना पुठ्ठा तेवढा काढून टाकायचा असतो. लग्नघरच्या धांदलीत नेमका तो राहतो.

जुन्या कॅमेऱ्यावर आकाराम आहेर झरझर उरकायचा. सगळ्या साड्या सारखेच लाल-हिरवे ठिपके, बघायचं काय त्यात? पण आता हातात हा नवा डोळा. हंबीररावांच्या मंडळींनी, म्हणजे हौसाबाईंनी, मुरगूडच्या विहीणबाईंची ओटी भरून साडी ठेवली तेव्हा आकाराम काठावरच्या कोयऱ्या बघत बघत आत, आणखी आत गेला. एक साडी त्यानं पुरती सोळा सेकंद घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पूजेचा प्रसाद झाल्यावर, हंबीररावांच्या सोप्यात, पुढच्या बैठकीत, सगळी घरची माणसं टीव्हीपुढं बसली. मुरगूडचं कुणी नव्हतं. आकारामनं कॅमेऱ्याची वायर थेट टीव्हीला जोडली. चित्र आलं आणि सोप्यातनं एकच "आईऽऽ" निघालं. हंबीरराव स्वतःची मिशी बघून पुढं सरकून बसले. त्यांची थोरली बहीण धोंडुबाई, सत्तरी उलटलेली, अंगठेबहाद्दर पण जिभेनं वकील, ती म्हणाली, "आरं बाबा, आमचा हंबीर दात न घासता उभारलाय बोहल्यावर. दिसतंय की!"

"आक्का, तो सुपारीचा डाग हाय."

"मग सुपारी खाऊन उभारलाय म्हण."

आकाराम हसू दाबून उभा. हंबीरराव खूष म्हणजे काम झालं, संयोगिताला सांगायला तोंड झालं.

एवढ्यात आहेर आला. पुतण्याची बायको स्वप्नाली पुढं सरसावली. "भावोजी, थांबवा की जरा. विहीणबाईंच्या साडीचा काठ बघू दे."

आकारामनं थांबवलं. बेचाळीस इंच भरून साडी. मोरपंखी अंग, कोयऱ्यांचा काठ, आणि घडीतनं बोटभर वर आलेला पुठ्ठ्याचा कोपरा. त्यावर निळं बॉलपेन.

"काय लिव्हलंय बगा की," स्वप्नाली निष्पाप आवाजात वाचायला लागली. "धों-डु-बाई… अय्या! आत्या, तुमचं नाव!"

हौसाबाई पदराच्या टोकाला गाठ मारायला लागल्या. हंबीररावांनी रिमोट उचलून दाबला, पण घाईत आवाजच वाढला, चित्र जिथल्या तिथं.

धोंडुबाई टीव्हीजवळ गेली. नाव तिला वाचता येत नव्हतं, पण काठ येत होता. तिनं काचेवरच्या कोयरीवर बोट ठेवलं. "ही तर माझी साडी. तुमच्या वास्तुशांतीला घातल्याली."

"वन्सं, त्याचं काय झालं…" हौसाबाईंनी सुरुवात केली.

"काय झालं ते मी सांगतो," धोंडुबाई म्हणाली. "विहिणीसाठी दुकानातनं जांभळी आणलीवतीस, मी हात लावून बगितलीवती. ती कुठाय?"

कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांच्या माना हौसाबाईंकडं वळल्या. जांभळी साडी हौसाबाईंच्या अंगावर होती. पूजेला नेसली होती.

हंबीरराव उठले. बायकोवर चिडता येईना, बहिणीवर तर नाहीच नाही, मग उरला कोण? "आकाराम! तुला कुणी सांगितलंतं एवढं जवळ जायला? मिशी काढ म्हटलं तर पुठ्ठं काढत बसलास! हे मुरगूडला गेलं म्हंजे? हे सगळं काप. आन कापून होईस्तवर पैसं मागायला यायचं न्हाय!"

आकारामनं वायर गुंडाळली आणि मान खाली घालून निघाला. मागनं धोंडुबाईचा आवाज चालूच होता, पण ऐकायला थांबायची सोय नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला इच्छाही नव्हती.

घरी येऊन त्यानं कॅमेरा बॅगेत घातला. चला, संपलं. उद्या कागल, परवा म्हैस. पुढच्या सराईत दुधाच्या किटल्या. संयोगिताला सगळं सांगितलं तेव्हा तिनं "मी म्हटलंच होतं" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मधेच थांबली.

"मोरपंखी? कोयऱ्यांचा काठ?"

"व्हय."

"काढा बगू बाहेर."

आकारामनं कॅमेरा काढला. सोळा सेकंदांतलं एक चित्र थांबवलं, जवळ घेतलं, आणखी जवळ. 'धोंडुबाई' या निळ्या नावाखाली आणखी एक ओळ होती, काळ्या पेनाची, वरनं रेघ मारलेली. टीव्हीपुढच्या गोंधळात ती कुणी बघितलीच नव्हती. दोघांनी डोकी एकमेकांना टेकवली. आकारामनं सवयीनं डावा डोळा मिटला.

खोडलेलं नाव होतं 'आकाराम चौगले'.

"अगं बया!" संयोगितानं तोंडावर पदर धरला. "धोंडुबाई आत्तीच्या धाकट्या नातवाच्या जावळाला मी घातल्याली साडी ही! त्यांच्या सुनंनं आपलं नाव लिव्हलं, आत्तीनं आपलं खोडून वास्तुशांतीला ढकलली, आन हौसाबाईंनी मुरगूडला!"

"आन तू कुठनं आणलीवतीस?"

संयोगिता चुलीकडं बघायला लागली. "माझ्या भावजयीनं दिवाळीला दिल्याली. मोरपंखी मला कुठं शोभतंय? …तिच्या पुठ्ठ्यावर काय व्हतं ते मी बगितलो न्हाय."

दोघं किती वेळ हसली याला गल्ली साक्षीदार आहे. पण हसून झाल्यावर आकारामनं कॅमेरा पुन्हा बॅगेत घातला. गंमत गमतीच्या ठिकाणी. हंबीरराव हातचे गेले होते, आणि गल्लीत एवढं हसू आलं तरी त्याचे कुणी पैसे देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून होतात न होतात तोवर धोंडुबाई दारात. आकारामनं ताडलं, एक भांडण टीव्हीपुढं झालं, दुसरं आता आपल्या अंगणात.

"आकाराम, ती साडीची फिल्म कापलीस काय रं?"

"न्हाय आत्ती, आज कापतो. आबांनी सांगितलंय."

"खबरदार! मुरगूडच्या कॅशेटीतनं काप, त्यांचं त्यांना लखलाभ. पण मला ती साडी पायजे. नुसती साडी. नावासकट." म्हातारी ओसरीवर ऐसपैस बसली. डोळ्यात अशी चमक की संयोगितासुद्धा ताकाचं भांडं घेऊन उंबऱ्यात थबकली. "हौसा मला काल म्हणती, वन्सं, राग मानू नगा. मी म्हटलं, राग कसला? अगं, लग्नातला पयला मान विहिणीचा. त्या मानाला तुझ्या कपाटातनं कुणाची साडी निघाली? धोंडुबाईची! भरलेलं कपाट तुझं, पण विहिणीपुढं ठेवायजोगी एकच निघाली. हौसाला हूं म्हणता येईना आन न्हाय म्हणता येईना."

"बरोबर हाय की," आकाराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"माझी निवडच तशी असती. शहरात पेठेतल्या दुकानात उभा दिवस बसलोतो. पन्नास साड्या खाली काढायला लावल्या. दुकानदार घामाघूम. म्हटलं, मोरपंखी दाव, कोयऱ्यांचा काठ दाव. एक घेतली पण अशी घेतली…"

उंबऱ्यातनं चमत्कारिक आवाज आला. ताकाचं भांडं डचमळलं होतं. संयोगिता पाठमोरी झाली, तिचे खांदे हलत होते.

"काय झालं गं हिला?"

"ठसका," आकाराम म्हणाला. त्यानं ओठ दातांखाली धरले होते.

"पाणी पी," धोंडुबाईनं आत आवाज दिला आणि पुन्हा आकारामकडं वळली. "तर ती फिल्म मला दे. भावकीत फिरवायची हाय, चार ठिकाणी. आन ऐक. माझ्या थोरल्या नातवाचं लगीन वैशाखात काढलंय. शूटिंग तुझं. पण ह्योच कॅमेरा. तो जुना डबा घेऊन आलास तर दारात उभा करणार न्हाय. आहेर सगळा जवळनं घ्याचा, एकेक. कुणी काय दिलंय आन कुणाचं दिलंय, मला बसल्या जागी दिसलं पायजे."

"आन आबा?"

"हंबीरला मी बगतो. धाकटा हाय त्यो माझ्याहून. आज सांच्याला तुझं पैसं घेऊन यील, न आला तर मला सांग." ती उठली, लुगड्याचा ओचा झाडला. जाता जाता थांबली, इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हौसाच्या भणीनं काय दिलंय, तेबी आलंय काय रं ह्यात? लांबनं हिरवं दिसतवतं."

"आलंय. पुठ्ठा बगायचा राहिलाय."

"मग बगून ठेव. मी दुपारी येतो."

म्हातारी वळणाआड जाईपर्यंत आकाराम ओसरीवर उभा होता. मग आत गेला. त्यानं मनात वाक्य जुळवायला घेतलं होतं, की हे बघ संयोगिता, वैशाखातलं एक लग्न मिळालंय, एका लग्नानं काही कॅमेरा फिटत नाही, तू म्हणशील तसं. तो हे वाक्य दोनदा घोळवून आत शिरला तेव्हा संयोगिता बॅगेची चेन उघडून बसली होती. कॅमेरा मांडीवर. पडदा उघडलेला, पण चालू कसा करायचा ते तिला माहीत नव्हतं, म्हणून दिसेल ते बटण दाबणं चाललं होतं.

"हे लागत का न्हाय?"

आकारामनं लावून दिला. तिनं त्याला खाली बसवलं.

"ती हिरवी कुठाय? हौसाबाईंच्या भणीची? …हां. थांबवा. जवळ घ्या. अजून. अहो, अजून घ्या की, डोळ्यात काय जीव न्हाय काय तुमच्या?"

आकारामनं घेतलं. पुठ्ठ्यावर नाव होतं, अर्धं घडीत दडलेलं. पहिलं अक्षर 'सं' सारखं दिसत होतं, की 'मं', की आणखी काही.

संयोगितानं पडदा उजेडाकडं वळवला, मग सावलीत. पदरानं पुसला. चूल पेटायची राहिली होती, गोठ्यात म्हैस दोनदा हंबरली, पण तिचं लक्ष नव्हतं.

"विजयसिंहाला फोन लावा," ती पडद्यावरनं मान न काढता म्हणाली. "सांगा, कॅमेरा आता परत येत न्हाय. म्हशीवाल्याला मी बगतो. आन सांगितल्या किमतीत पाच हजार कमी कर म्हणावं, बॅगेची चेन अडकतीया."

आकाराम फोन शोधायला उठला.

"उठताय कुठं?" तिनं त्याचा हात धरून खाली ओढलं. "आदी ह्या हिरवीवरचं नाव काढून द्या."